डिंक, खळ आणि काजळी

खळ नसलेल्या कागदावर शाई फुटते आणि अक्षराला पाय सुटतात, हे कागदांतच आयुष्य काढणाऱ्या आमच्या वाचकांस सांगणे नलगे. पेशवे दफ्तराच्या रुमालांतील जुन्नरी व दौलताबादी कागद आजही वाचता येतात, याचे श्रेय लेखकाच्या वळणाइतकेच कागद खळवून घोटणाऱ्या कारागिरालाही द्यावे लागते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोपात छायाचित्र ही कला आहे काय, असा वाद माजला. त्यातही या खळीचा वाटा मोठा होता.

या प्रकरणाचा आरंभ 1839 साली झाला. पोटॅशियम बायक्रोमेटने भिजविलेला कागद उन्हात काळवंडतो, असे स्कॉटलंडच्या मंगो पाँटन यांस आढळले. बायक्रोमेटयुक्त सरस प्रकाशाने अविद्राव्य होतो, हे पुढे टॅल्बट यांनी हेरले. 1855 मध्ये फ्रान्सच्या पॉतव्हँ यांनी त्यात रंगद्रव्य मिसळले, आणि 1858 साली इंग्लंडच्या जॉन पाउन्सी यांनी डिंकाच्या पद्धतीचे पेटंट घेतले. कृती सोपी दिसते. डिंक, रंग व बायक्रोमेट यांचा लेप कागदावर द्यावयाचा, वर निगेटिव्ह ठेवून ऊन दाखवावयाचे आणि कागद पाण्यात सोडावयाचा. उजेड लागला तेथे डिंक कागदाला धरून राहतो. उरलेला रंगासह विरघळून जातो.

खरी परीक्षा येथेच होते. कागद कोरा असेल, तर रंगाचे कण तंतूंत शिरून बसतात. मग कितीही धुतले तरी चेहऱ्याचा उजळ भाग मळकटच राहतो. म्हणून कागद प्रथम गरम पाण्यात भिजवून त्याचे आकसणे संपवावयाचे, नंतर जिलेटिनची खळ द्यावयाची आणि ती तुरटीने अथवा फॉर्मेलिनने कठीण करावयाची. परंतु खळ फाजील झाली, तर लेपाला पकड न मिळून चित्र पाण्यात सुटून येते. खळीला असे दोन्हीकडून जपावे लागते.

रंगांचेही तसेच आहे. काजळी, अंबर, सिएना, तांबडी माती यांसारखी जुनी द्रव्ये टिकाऊ म्हणून विश्वासार्ह ठरली. काही रंग डाग सोडतात, काही कालांतराने उडतात. रंग अधिक घातल्यास छाया गडद होण्याऐवजी लेपच उकलतो. म्हणून व्हिएन्नाच्या क्यून, हेन्नेबर्ग व वात्सेक या तिघांनी एकाच कागदावर पातळ लेप पुनःपुन्हा चढविण्याची रीत अवलंबिली. प्रत्येक लेपाच्या वेळी निगेटिव्ह जागच्या जागी बसली पाहिजे. कागद आधी आकसवून घेण्याचे मर्म हेच.

1894 साली रुयये-लादव्हेझ यांची या विषयावरील पुस्तिका निघाली. तिच्या नावातच सेपिया आणि गेरूसारखा तांबडा असे दोन रंग होते. पॅरिसचे रोबेर दमाशी यांनी 1897 मध्ये आल्फ्रेड मास्केल यांच्यासह या पद्धतीवर ग्रंथ लिहिला. यंत्राने टिपलेल्या प्रतिमेवर कलावंताचा हात फिरला पाहिजे, असा त्यांचा आग्रह. हा हात म्हणजे छायाचित्राशी केलेली लबाडी, असे प्रतिपक्षाचे म्हणणे. पुढे रसिकांची अभिरुची निर्भेळ, रेखीव छायाचित्राकडे वळली. दमाशी यांनी तर 1914 साली छायाचित्रण कायमचेच सोडले.

आम्हांस दोन्ही पक्ष अर्धेच खरे वाटतात. हात फिरविण्याची मुभा येथे आहे खरी. पण ती कागद, खळ आणि माती जेवढी देतील तेवढीच. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या पद्धतीचे पुनरुज्जीवन झाले. बायक्रोमेट विषारी व कर्करोगास कारण होणारे आहे, हे आता ठाऊक असल्याने आजचे कारागीर हातमोजे घालून काम करतात. कागद मात्र त्यांनाही आधी गरम पाण्यात भिजवावा लागतो, आणि खळ सुकेपर्यंत वाट पाहावीच लागते.