फोर्सकोलिन

माईनमूळ (कोलियस फोर्सकोली) या वनस्पतीच्या मुळांत आढळणारे डायटर्पीन वर्गातील संयुग. रेणुभार ४१०.५. वनस्पतीचे जातिवाचक नाव पेटर फोर्सकोल (१७३२–६३) या निसर्गवैज्ञानिकांवरून पडले आहे. हिच्या मुळांचे लोणचे घालतात.

भारतीय वनस्पतींतील औषधी गुणांचा शोध चालू असता, या मुळांच्या अर्काने रक्तदाब उतरतो असे मुंबईतील हेक्स्ट कंपनीच्या संशोधन केंद्रात आढळले. सुजाता भट, नोएल डिसूझा व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये त्यातील संयुगांच्या संरचना प्रसिद्ध केल्या. त्याच सुमारास लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेत वेगळे केलेले ‘कोलिओनॉल’ हे फोर्सकोलिनच असल्याचे पुढे सिद्ध झाले.

कोशिकेच्या पृष्ठभागावरील ग्राहीस हॉर्मोन चिकटल्यावर ॲडेनिलेट सायक्लेज हे एंझाइम उद्दीपित होते व चक्रीय एएमपी हा संदेशवाहक रेणू निर्माण होतो. फोर्सकोलिन ग्राहीस वगळून थेट या एंझाइमावरच क्रिया करते, असे १९८१ मध्ये दिसून आले. त्यामुळे रोगाशी संबंधित प्रथिनांचे कार्य पारखण्याचे, म्हणजे ‘रासायनिक शोधक’ म्हणून, ते जगभर वापरात आले. त्याचा अनुजात स्थिर आधारद्रव्याला जोडून हे एंझाइम शुद्ध करता आले. १९९७ मध्ये फोर्सकोलिनसह त्याच्या क्रियाशील भागाची स्फटिकसंरचना निश्चित झाली.

शोधक एकाच प्रथिनावर क्रिया करीत असेल, तरच त्याच्यावरून काढलेला निष्कर्ष ग्राह्य ठरतो. फोर्सकोलिन ग्लुकोज-वाहक प्रथिनांवर व काही आयन-मार्गांवरही परिणाम करते. १,९–डायडीऑक्सिफोर्सकोलिन हे त्याचे निकटचे संयुग ॲडेनिलेट सायक्लेजला उद्दीपित करीत नाही. पण हे इतर परिणाम त्यानेही होतात. म्हणून दोन्ही संयुगे शेजारी ठेवून प्रयोग करतात. ज्या परिणामासाठी दोन्ही सारखीच प्रभावी ठरतात, त्याचे श्रेय चक्रीय एएमपीला देता येत नाही. ही पडताळणी टाळल्यास औषधाचा शोध चुकीच्या प्रथिनामागे जाण्याचा धोका असतो.

फोर्सकोलिन पाण्यात फारसे विरघळत नाही. त्याचा जलविद्राव्य अनुजात कोलफोर्सिन डारोपेट हा जपानमध्ये १९९९ मध्ये तीव्र हृद्‌निष्फलतेवरील औषध म्हणून मान्य झाला. सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक रोगात क्लोराइड वाहून नेणारे प्रथिन सदोष असते. रुग्णाच्या आंत्र-ऊतकापासून वाढविलेल्या सूक्ष्म गोलकांना फोर्सकोलिन दिल्यावर ते किती फुगतात, यावरून त्या प्रथिनाचे कार्य मोजण्याची पद्धत २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. कोणते औषध त्या रुग्णास उपयोगी पडेल, याचा अंदाज तीवरून बांधता येतो.