कॉफी : वाण, कॅफीन व पुणेरी पेय

कदंब व मंजिष्ठा ज्या कुलात मोडतात त्या रुबिएसी कुलातील एक सदापर्णी झुडूप आणि त्याच्या भाजून दळलेल्या बियांपासून, म्हणजे बुंददाण्यांपासून, सिद्ध होणारे पेय. व्यापारात महत्त्वाच्या जाती दोनच. इथिओपियाच्या नैर्ऋत्येकडील डोंगराळ अरण्ये हे अरेबिकेचे मूलस्थान असून ती उंचावर, सावलीत वाढते आणि सुवास व सौम्य आंबटपणा यांसाठी अव्वल गणली जाते. मध्य व पश्चिम आफ्रिकेच्या उष्ण, सखल मुलखातील रोबस्टा मात्र कडवट, दाट आणि काटक आहे. 1869 मध्ये सिलोनात प्रकटलेल्या तांबेरा रोगाने तेथील मळे पुढे उद्ध्वस्त केले, तेव्हा या काटकपणाचे मोल बागाईतदारांस कळले.

येमेनमधून सात बिया आणून बाबा बुदान या सत्पुरुषाने त्या सतराव्या शतकात चिकमगळूरनजीकच्या डोंगरात रुजविल्या, अशी परंपरा आहे. महाराष्ट्रात कॉफीचे मळे आढळतात ते मेळघाटातील चिखलदऱ्यास. पुण्याच्या पेल्यातील माल मात्र मुख्यत्वे कर्नाटकातून येतो.

1819 मध्ये रुंगे या जर्मन रसायनज्ञाने बियांतून कॅफीन वेगळे केले. अरेबिकेत ते वजनाच्या सुमारे 1.2 टक्के, तर रोबस्टात बहुधा 2 टक्क्यांहून अधिक असते. झाडाला ते कीटकांपासून संरक्षण देते. मनुष्याच्या मेंदूत ॲडेनोसीन या निद्रासूचक द्रव्याची जागा अडवून ते झोप लांबणीवर टाकते, आणि निरोगी प्रौढाच्या शरीरातून त्याचा निम्मा अंश निघून जाण्यास सामान्यतः पाचएक तास लागतात. बी काळीकुट्ट भाजली म्हणून कॅफीन वाढत नाही. सबब, कडू ती कडक हे समीकरण, पुण्यात कितीही ठामपणे मांडले जात असले, तरी ग्राह्य धरता येत नाही.

पुण्याच्या मराठी घरांत कॉफी रुजली ती दुधाचे पक्वान्न म्हणूनच म्हणावी लागेल : भरपूर दूध व साखर, चिमूटभर पूड, वर वेलदोडा आणि किसलेले जायफळ. जायफळाने झोप येते असा घरगुती समज असल्यामुळे, झोप उडविणाऱ्या पेयात तेच घालण्याची ही रीत तर्कशास्त्राच्या कक्षेबाहेरची खरी, परंतु चवीच्या दरबारात तिच्यावर आक्षेप निघत नाही. दाक्षिणात्य पद्धतीची फिल्टर कॉफी शहराच्या अंगवळणी पाडण्यात उडुपी उपाहारगृहांचा, विशेषतः फर्ग्युसन रस्त्यावरील जगन्नाथ शेट्टी यांच्या ‘रूपाली’ व ‘वैशाली’ यांचा, वाटा मोठा आहे.

कॉफी दळून देणाऱ्या दुकानात गिऱ्हाइकास प्रथम ‘चिकोरी किती?’ असे विचारले जाते, आणि नेहमीचे गिऱ्हाईक ‘निम्मी पीबेरी, निम्मी रोबस्टा, चिकोरी वीस टक्के’ असे एका दमात सांगून मोकळे होते. पीबेरी हा मात्र स्वतंत्र वाण नव्हे. फळात दोन चपट्या बियांऐवजी एकच गोल बी धरली की तिला हे नाव मिळते, मग झाड अरेबिकेचे असो वा रोबस्टाचे. चिकोरी ही तर कॉफीच नव्हे. ती एका वनस्पतीची भाजलेली मुळी असून रंग, दाटपणा व कडवटपणा देते, कॅफीन मुळीच देत नाही. त्यामुळे दिसावयास काळी आणि चवीस जहाल अशी चिकोरीबहुल कॉफी पिऊन रात्रभर जागल्याची तक्रार करणाऱ्याने दोष द्यावयाचा तो मिश्रणातील रोबस्टाला, किंवा पेल्यांच्या संख्येला. विक्रीच्या कॉफी-चिकोरी मिश्रणात कॉफीचा अंश 51 टक्क्यांहून कमी असता कामा नये, असा कायदा आहे.