रक्त केव्हां द्यावें ?

रक्तक्षयाच्या रोग्यास दुसऱ्याचें रक्त केव्हां द्यावें, हा प्रश्न वैद्यांचा खरा. पण त्याच्या इतिहासाचा एक धागा मुंबईच्या गिरण्यांतून गेलेला असल्यामुळें आम्ही त्याकडे वळलों आहों.

१९२८ सालीं लूसी विल्स ही इंग्रज विदुषी मुंबईस आली व हाफकिन संस्थेंत राहून तिनें गिरणीकामगार गरोदर स्त्रियांचा पांडुरोग तपासला. त्यांच्या रक्तांतील तांबड्या पेशी संख्येनें थोड्या, पण आकारानें मोठ्या असत. यीस्टच्या अर्कानें, म्हणजे मार्माइटसारख्या स्वस्त पदार्थानें, या स्त्रिया बऱ्या होतात, असें तिला आढळलें व १९३१ सालीं तिनें तें प्रसिद्ध केलें. उणीव रक्ताच्या पेढीत नव्हती, ताटांत होती! त्या अर्कांतील गुणकारी द्रव्य फॉलिक आम्ल होय, हें पुढें कळलें.

परंतु वैद्यांस आंकड्याचा मोह फार. १९४२ सालीं अमेरिकेंत अॅडम्स व लंडी यांनीं शस्त्रक्रियेपूर्वीं हिमोग्लोबिन १० ग्रॅमांहून कमी नसावें, असें सुचविलें. आणि ती सूचना पुढें अनेक दशकें नियम होऊन बसली. १९५२ सालीं मुंबईंतच डॉ. वाय. एम. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनीं असा रक्तगट दाखविला कीं, तो चांचणींत 'ओ' भासतो, पण त्याच्या धन्यास 'ओ' रक्तही चालत नाहीं. रक्त देणें ही निरुपद्रवी गोष्ट नव्हे, याचा याहून बोलका पुरावा कोणता? अखेर १९९९ सालीं कॅनडांतील ८३८ अत्यवस्थ रोग्यांवरील प्रयोगांत ७ ग्रॅमांपर्यंत थांबणें १० ग्रॅमांच्या नियमाहून वाईट ठरलें नाहीं. हृदयरोग्यांविषयीं मात्र वैद्य आजही अधिक सावध असतात.

त्याच सालीं १ मे रोजीं परभणीपासून हिंगोली जिल्हा निराळा झाला. कळमनुरी किंवा सेनगांवकडील एखादी गरोदर मजूर स्त्री घ्या. २०१८ सालच्या सरकारी धोरणाप्रमाणें तिचें हिमोग्लोबिन ५ ते ६.९ ग्रॅम असेल तर रुग्णालयांत शिरेवाटे लोह देण्याचा विचार होतो. दिवस भरत आले असतील तर तिला दाखल करून घेतात. ५ च्या खालीं गेलें तर कोणत्याही महिन्यांत ताबडतोब दाखल करावयाचें, रक्तपेशी देण्याची सोय असेल तेथें. तेथेंही घाई नको. महिनोन्महिने अल्प रक्तावर चालत आलेलें हृदय एकदम आलेल्या भारानें थकतें. म्हणून पेशी सावकाश, थेंबाथेंबानें सोडतात, आणि परिचारिका उशाशीं बसून तिचा श्वास मोजते.