बालसंधिवात आणि जालन्याच्या वाटा

मुलाचे सांधे सुजावेत आणि ती सूज महिनोन्‌महिने उतरू नये, हे वैद्यकाला नवे नाही. लंडनच्या जॉर्ज फ्रेडरिक स्टिल यांनी १८९७ साली अशा २२ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि मोठ्यांच्या संधिवातापेक्षा निराळे प्रकार यात आहेत, हे दाखवले. जालना तेव्हा निजामाच्या राज्यात होते. राजधानी हैदराबाद, मोठी सरकारी इस्पितळेही तिकडेच. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि त्याच वर्षी औरंगाबादला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघाले. त्याचे रुग्णालय, म्हणजे सगळ्यांची ‘घाटी’, जालन्याहून साठेक किलोमीटरवर. १ मे १९८१ रोजी जालना स्वतंत्र जिल्हा झाला; स्वतःचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मिळायला मात्र २०२४ उजाडले. या सनावळ्या मांडण्याचे कारण असे की, सांधे सुजलेल्या मुलाचे भवितव्य इथे औषधांच्या शोधांपेक्षा वाटांनी ठरत आले, असे मला वाटते. मूल कुठवर पोचते आणि वर्षातून किती वेळा पोचते, हा खरा प्रश्न.

औषधांकडेच पाहू. मेथोट्रेक्सेट हे या आजारातले मुख्य औषध चाळिसाच्या दशकात लेडर्ले प्रयोगशाळेत तयार झाले, तेही भीमावरममध्ये जन्मलेल्या येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या मार्गदर्शनाखाली. ते आधी रक्ताच्या कर्करोगात वापरले गेले. अमेरिका आणि सोव्हिएत संघातल्या १२७ मुलांवरच्या चाचणीने १९९२ मध्ये दाखवून दिले की, आठवड्यातून एकदा अल्प मात्रेत दिल्यास मुलांचा संधिवात आटोक्यात येतो. म्हणजे तीस वर्षांहून अधिक काळ पुरावा आहे, गोळी स्वस्त आहे आणि जालन्याच्या औषध दुकानात मिळू शकते. तिच्यासोबत लागते ती निगराणी. ठरावीक मुदतीने रक्तपेशी आणि यकृताची तपासणी, फॉलिक ॲसिड, आणि गोळी रोज नव्हे, आठवड्यातून एकाच दिवशी, हे घरच्यांना पक्के समजावणे. रोज घेतली तर ती जिवावर बेतते. गावाकडे त्यासाठी आठवडी बाजाराचा वार नेमून द्यावा. तो कुणी विसरत नाही.

त्याआधी निदान व्हायला हवे, आणि तिथेच बरीच वर्षे जातात. सुजलेला एकच गुडघा दिसला की क्षयाची शंका येते, अनेक सांधे दुखले की ऱ्हुमॅटिक ताप आठवतो. या शंका चुकीच्या नाहीत; दोन्ही आजार आपल्याकडे खूप होते आणि आहेत. पण ऱ्हुमॅटिक तापातली सूज एका सांध्यातून दुसऱ्यात सरकते आणि काही आठवड्यांत उतरते. सहा आठवडे त्याच सांध्यात ठाण मांडून बसणारी सूज वेगळे काही सांगत असते. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा जातात. त्यांच्या ३० आजारांच्या मूळ यादीत ऱ्हुमॅटिक हृदयविकार आहे, बालसंधिवात नाही. जे यादीत नाही ते शोधले जात नाही, आणि जे शोधले जात नाही ते दुर्मीळच ठरते.

या मुलांचे जगणे मोजण्यासाठी १९९४ पासून एक प्रश्नावली वापरात आहे. कपडे घालणे, उठणे, जेवणे, चालणे, पकड अशा साध्या कामांवर तिचे प्रश्न आहेत. त्यात आपल्याकडच्या गोष्टी धरल्याच पाहिजेत: जमिनीवर मांडी घालणे, शौचाला उकिडवे बसणे, हापशाचा दांडा दाबणे. सकाळी या मुलांचे सांधे आखडलेले असतात. शर्टाचे बटण लागत नाही, पेन्सिल धरवत नाही. दुपारपर्यंत सांधे मोकळे होतात आणि तेच मूल मधल्या सुट्टीत पळताना दिसते. मग शिक्षकांना वाटते, पोरगे सोंग करते. बाह्यरुग्ण विभागात नंबर लागेपर्यंत दुपार होते, तेव्हा डॉक्टरांनाही सकाळचे मूल दिसत नाही. डोळ्यांचे तर याहून वाईट. या आजारात डोळ्याच्या आत होणारा दाह बऱ्याचदा लाली वा वेदना न देता दृष्टी नेतो. तो स्लिट लॅम्पखालीच दिसतो, आणि जोखमीच्या मुलांची ही तपासणी दर तीन महिन्यांनी व्हावी लागते. श्री गणपती नेत्रालयासारखी नावाजलेली संस्था जालन्यातच आहे. उणीव आहे ती डोळा न दुखणाऱ्या मुलाला तिकडे धाडणाऱ्या चिठ्ठीची.

यावर रास्त आक्षेप असा की, कुपोषण आणि रक्तक्षय असलेल्या जिल्ह्यात मूठभर मुलांसाठी एवढा खटाटोप कशाला? मूठभर म्हणजे किती, ते पाहावे. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या १९ लाख ५९ हजार होती. मुले ढोबळमानाने सहा लाख धरू. पाश्चात्त्य देशांत हजारी एक मूल, असा अंदाज सांगितला जातो. त्याचा दहावा हिस्सा धरला तरी साठ मुले होतात. आणि त्यांना लागणारी साधने, म्हणजे शाळेतली तपासणी, रक्तचाचणी, व्यायाम शिकवणारा फिजिओथेरपिस्ट, कुपोषित मुलांच्याही कामी येतातच.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: इतक्या थोड्या रुग्णांसाठी प्रत्येक जिल्ह्यात बालसंधिवाततज्ज्ञ बसवता येणार नाही. ते मान्य. निदान पक्के करायला, महागडी जैविक औषधे द्यायची की नाही हे ठरवायला मोठे शहर हवेच, आणि डिसेंबर २०२३ पासून जालन्याहून मुंबईला वंदे भारतही जाते. पण तज्ज्ञाकडे वर्षातून एक-दोनदा जायचे असते, रक्त मात्र दर दोन-तीन महिन्यांनी तपासायचे असते. चारशेहून अधिक किलोमीटरची ही वारी रोजंदारीवरचा बाप दर वेळी करू शकत नाही. अंबड-घनसावंगीकडची ऊसतोड करणारी कुटुंबे दिवाळीच्या सुमारास बिऱ्हाड हलवतात ती उन्हाळा लागेपर्यंत परतत नाहीत. त्यांच्या मुलाचे उपचार फडावर तुटतात. अशा मुलासोबत औषधाचे नाव, वार, मात्रा आणि पुढच्या तपासणीची तारीख मराठीत लिहिलेले एक कार्ड असले, तर कारखान्याजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातही त्याचे रक्त तपासायला पाठवता येईल. जालन्याच्या नव्या महाविद्यालयाच्या बालरोग विभागाने या कामापासून सुरुवात करावी.