अनेक नायकांची कथा : सुपरहिरोंचे चित्रकथा-संघ आणि तुळजापूरची देवी-परंपरा

प्रस्तावना

इ. स. १९४० च्या हिवाळ्यात अमेरिकेत 'ऑल स्टार कॉमिक्स'चा तिसरा अंक प्रसिद्ध झाला. निरनिराळ्या मासिकांतून स्वतंत्रपणे पराक्रम गाजविणारे आठ नायक या अंकात प्रथमच एका मेजाभोवती एकत्र आले. 'जस्टिस सोसायटी ऑफ अमेरिका' हे त्यांच्या संघाचे नाव. गार्डनर फॉक्स या लेखकाने त्यांना एकत्र आणले खरे. परंतु या पहिल्या बैठकीत ते एकत्र लढत नाहीत. प्रत्येक जण आपापल्या पराक्रमाची हकीकत सांगतो आणि इतर ऐकतात. सामायिक मोहीम पुढील अंकापासून सुरू होते. पुढे १९६० मध्ये 'जस्टिस लीग', १९६३ मध्ये 'ॲव्हेंजर्स' आणि १९८५-८६ मध्ये बारा अंकांची 'क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स' या क्रमाने पात्रांची संख्या वाढत गेली.

या वाङ्मयप्रकाराची पाळेमुळे पुराणकथांत आहेत, असे विधान अलीकडे सर्रास केले जाते. हे विधान तपासून न पाहताच स्वीकारले जाते, ही त्यातील अडचण आहे. धाराशिव जिल्ह्यातील तुळजापूर येथील देवी-परंपरेच्या आधारे ते तपासून पाहणे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. तुलनेसाठी प्रश्न एकच घेतला आहे : अनेकांनी मिळून केलेल्या पराक्रमाचे श्रेय कोणाचे?

मराठी वाचकाचा अनुभव

मराठी वाचकाला परदेशी नायकांचा परिचय प्रामुख्याने 'इंद्रजाल कॉमिक्स'मुळे झाला. बेनेट कोलमन कंपनीने मार्च १९६४ मध्ये सुरू केलेली ही मालिका १९९० पर्यंत चालली आणि मराठीसह अनेक भारतीय भाषांतून निघाली. ली फॉकच्या 'फँटम'ला मराठीत 'वेताळ' हे नाव मिळाले. ही निवड अर्थपूर्ण आहे. महाराष्ट्रातील कित्येक गावांच्या वेशीवर वेताळाचे शेंदूर लावलेले ठाणे असते. तो भीतिदायक असला तरी गावाचा राखणदार असतो. मुखवटा घालून जंगलातील जमातींचे रक्षण करणारा परका नायक त्यामुळे ग्रामीण वाचकालाही फारसा परका वाटला नसावा.

मात्र इंद्रजालच्या अंकांची सर्वसाधारण घडण एका अंकास एक नायक अशीच होती : कधी वेताळ, कधी जादूगार मँड्रेक, कधी फ्लॅश गॉर्डन, तर १९७६ पासून आबिद सुरती यांचा बहादूर. वेताळ, मँड्रेक, लोथार आणि फ्लॅश गॉर्डन यांचा संघ 'डिफेंडर्स ऑफ द अर्थ' या नावाने १९८६ मध्ये अमेरिकेत उभा राहिला, तोही प्रथम दूरचित्रवाणीवर. अनंत पै यांनी १९६७ मध्ये सुरू केलेल्या 'अमर चित्र कथा'नेही बहुतांश पुस्तके एकेका व्यक्तीच्या नावाने काढली. परिणामी छापील चित्रकथा म्हणजे एका वीराची कथा, हा संस्कार दृढ झाला. ज्या प्रदेशात चित्रकथीची परंपरा होती, तेथे हे घडावे हे विशेष. पैठण शैलीची चित्रे किंवा सिंधुदुर्गातील पिंगुळीच्या पोथ्या पाहाव्यात. त्यांत एकेका प्रसंगात वीर, राक्षस, वानर आणि सारथी यांची दाटी असते आणि कथेकरी त्या सर्वांना आवाज देतो.

मूर्तीतील हिशेब

तुळजाभवानीची मूर्ती अष्टभुजा महिषासुरमर्दिनीची आहे. त्रिशूळ, बिचवा, बाण, चक्र, शंख, धनुष्य, पानपात्र आणि दैत्याचे केस अशी तिच्या आठ हातांची गणना परंपरेने केली जाते. ही यादी मार्कंडेय पुराणातील देवीमाहात्म्याच्या दुसऱ्या अध्यायाशेजारी ठेवली असता एक लक्षणीय गोष्ट हाती लागते. महिषासुराकडून पराभूत झालेले देव आपापले तेज एकत्र करतात, त्यातून देवी प्रकट होते आणि प्रत्येक देव तिला काहीतरी देतो. त्रिशूळ शिवाचा, चक्र विष्णूचे, शंख वरुणाचा, धनुष्य आणि बाणांनी भरलेले भाते वायूचे, तर पानपात्र कुबेराचे. म्हणजे आठांपैकी सहा हातांत दुसऱ्यांनी दिलेल्या वस्तू आहेत. बिचव्याचा दाता त्या यादीत सापडत नाही. काळाने दिलेली तलवार आहे, बिचवा नाही. आणि आठव्या हातात कोणाचेही देणे नाही. त्या हाताने दैत्याचे केस धरले आहेत.

सुपरहिरोंच्या संघापेक्षा ही रचना मुळातच भिन्न आहे. तेथे समर्थ नायक एकत्र येतात. येथे हरलेले देव एकत्र येतात आणि स्वतः न लढता सामर्थ्य सोपवितात. संघकथेच्या अधिक जवळ जाणारा भाग आठव्या अध्यायात आहे. तेथे ब्रह्माणी, माहेश्वरी, कौमारी, वैष्णवी, वाराही, नारसिंही आणि ऐंद्री या शक्ती आपापली वाहने व आयुधे घेऊन रणांगणावर येतात. रक्तबीजाच्या रक्ताचा प्रत्येक थेंब जमिनीवर पडताच नवा दैत्य उभा राहतो, म्हणून मातृकांचे घाव त्याचे बळ वाढवितात. अखेर कामाची वाटणी करावी लागते : चंडिकेने घाव घालावा आणि कालीने रक्त जमिनीवर पडू न देता प्यावे. संख्याबळ अपुरे पडून कार्यविभागणी उपयोगी पडते, ही युक्ती आजच्या कोणत्याही संघकथेच्या लेखकाला आपली वाटेल.

परंतु श्रेयाचा प्रश्न या ग्रंथाने स्वतःच उपस्थित केला आहे. दहाव्या अध्यायात शुंभ देवीला हिणवितो की, तू इतरांच्या बळावर लढतेस. त्यावर देवी आपल्याखेरीज दुसरे कोणी नाहीच असे सांगते आणि सर्व शक्ती तिच्यात विलीन होतात. तत्त्वज्ञानाच्या दृष्टीने हे उत्तर अद्वैताचे आहे. कथेच्या दृष्टीने मात्र सात सहकारी एका ओळीत नाहीसे होतात.

तुळजापूरच्या मूर्तीने हे उत्तर जसेच्या तसे घेतलेले नाही. तिच्या परिवारात मार्कंडेय ऋषी आहेत, म्हणजे ज्याच्या नावावर ही कथा आहे तो निवेदकच शिल्पात उपस्थित आहे. तपस्विनी अनुभूतीही आहे. स्थानिक माहात्म्यानुसार कर्दम ऋषींची ही पत्नी मंदाकिनीच्या तीरी तप करीत असता कुकुर दैत्याने तिला छळले, आणि तिच्या हाकेला देवी त्वरेने धावून आली म्हणून ती 'त्वरिता', पुढे तुळजा. या कथेत शस्त्रे देणारे देव नाहीत. हाक मारणारी एक संकटग्रस्त स्त्री आहे. अशा प्रकारे दोन वेगळ्या कथा एकाच शिळेत नांदतात. देवीच्या आगमनाच्या वेळी सर्व तीर्थे एकत्र धावून आल्याने मोठा कल्लोळ झाला, अशी मंदिरातील कल्लोळ तीर्थाची कथा सांगितली जाते. तिथेही भर एकत्र येण्यावरच आहे.

उत्सव आणि गोंधळ

सहभागाचे हे तत्त्व उत्सवातही दिसते. दसऱ्याच्या सीमोल्लंघनासाठी लागणारी पालखी आणि त्यानंतरच्या निद्रेसाठी लागणारा पलंग तुळजापुरात तयार होत नाहीत. ते अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातून येतात आणि हा मान परंपरेने तेली समाजातील मानकऱ्यांकडे आहे. सीमोल्लंघनानंतर देवी आश्विन पौर्णिमेपर्यंत पलंगावर विश्रांती घेते. हिला श्रमनिद्रा म्हणतात. अमेरिकी महानायकांना अशी रजा क्वचितच मिळते.

'जस्टिस सोसायटी'त एक नियम होता. ज्या नायकास स्वतःचे स्वतंत्र मासिक मिळे, तो नित्य सभासद न राहता मानद सभासद होई. सुपरमॅन आणि बॅटमॅन तर प्रारंभापासूनच मानद होते. हा हिशेब व्यापाराचा होता. ज्यांना स्वतंत्र जागा नाही त्यांना प्रकाशात आणण्यासाठी संघ होता. देवता आणि प्रकाशनसंस्थेच्या मालकीचे पात्र यांची तुलना करताना हे अंतर विसरता कामा नये.

गोंधळाची रीत याच्या उलट आहे. तुळजाभवानीशी नाते सांगणारे कदमराई आणि माहूरच्या रेणुकेशी नाते सांगणारे रेणुराई, हे गोंधळ्यांचे दोन प्रमुख भेद. चौक मांडून, दिवटी पेटवून, संबळ आणि तुणतुण्याच्या साथीने आरंभी देवतांना आवाहन केले जाते. तुळजापूर, माहूर, कोल्हापूर, जेजुरी, पंढरपूर अशी गावांची नावे घेत एकेका दैवताला बोलाविले जाते. मोठे क्षेत्र आहे म्हणून कोणी मानद ठरत नाही, की लहान गावचे दैवत म्हणून कोणी वगळले जात नाही. यजमानाच्या कुलदैवताचे आणि ग्रामदैवताचे नाव त्या यादीत घातले जाते. शेवटी नाव घ्यायची राहून गेलेल्या सर्वांना बोलावले जाते, आणि मगच आख्यानास सुरुवात होते.