घर कुणाचं: बापाचं की मुलाचं?

कर्त्या मुलाला घराबाहेर काढता येतं का, हा प्रश्न आपल्याकडे मायेपेक्षा मालकीवर ठरत आला आहे. चालुक्यांच्या कल्याणीत विज्ञानेश्वराने लिहिलेल्या ‘मिताक्षरे’नुसार वडिलोपार्जित मिळकतीत मुलाला जन्मतःच हक्क होता. अशा वाड्यातून बापाने त्याला हाकलणं म्हणजे भागीदाराला हाकलणं. नको झालेल्या मुलावर त्यामुळे एकच सरळ उपाय उरे: वाटणी आणि वेगळी चूल. बंगालच्या ‘दायभागा’त मात्र बाप हयातभर एकटा मालक. तिथेही एकत्र कुटुंबं टिकलीच, मग कायद्याला एवढं महत्त्व का, असं कुणी विचारेल. कारण कायदा रोजचा जिव्हाळा घडवत नाही. जिव्हाळा आटल्यावर कोण कुणाला दार दाखवू शकतो, ते तो ठरवतो.

महाराष्ट्रात हे पारडं फिरलं ते शेती-वाडा मागे पडून पगारातून घेतलेला फ्लॅट आला तेव्हा. स्वकष्टार्जित घरावर मुलाचा जन्मसिद्ध हक्क नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने 2016 मध्ये म्हटलं की, अशा घरात मुलगा केवळ आईवडिलांच्या मर्जीने राहतो. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात घराबाहेर काढण्याची स्पष्ट तरतूद नाही, तरी त्याखालची न्यायाधिकरणं तसे आदेश झटपट देतात. यात सून भरडली जाते, हा आक्षेप खरा आहे. 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिचा निवासाचा हक्क या झटपट मार्गाने डावलता येणार नाही असं ठरवलं, आणि ते योग्यच झालं. पण म्हातारपणी स्वतःच्याच घरात मार खाणाऱ्या आईला दिवाणी दाव्याची वर्षं परवडत नाहीत.