गाजर गवत आलं कुठून, उपटतं कोण?



मागच्या मासिक बैठकीत बचतीचा हिशेब झाल्यावर आमच्यात वाद रंगला. आमच्यातल्या थोरल्या म्हणाल्या, "बहात्तरच्या दुष्काळात अमेरिकेची लाल मिलो खाल्ली, तिच्यासोबतच हे गाजर गवत आलं." धाकट्या म्हणाल्या, "नाही, गव्हातून आलं." मग आम्ही माहिती काढली.

हे गवत मूळचं मेक्सिकोकडचं. पुण्यात त्याची नोंद १९५५-५६ च्या सुमारास झाली, म्हणजे मिलोच्या बरीच आधी. अमेरिकेचा गहू १९५१ पासून येत होता. पी. एल. ४८० चा करार झाला ऑगस्ट १९५६ मध्ये. अशा धान्यातून बी पसरलं, असं बरेच जण मानतात. पण कोलकात्याच्या वनस्पती उद्यानाच्या १८१४ च्या यादीतही या झाडाचं नाव आहे! म्हणजे सगळा दोष एकाच जहाजावर टाकता येत नाही.

आलं कसंही, वाढलं ते आपण उकरलेल्या जमिनीवर. रस्त्याची कड, कालव्याचा भराव, पडीक रान. एका झाडाला पंधरा-वीस हजार बिया सहज धरतात. जनावरं सहसा तोंड लावत नाहीत. १९८३ मध्ये मेक्सिकोहून त्याची पानं खाणारे भुंगे भारतात आणले. पावसाळ्यात ते काम करतात, पण एकट्या भुंग्यांनी भागत नाही.

मग उपटतं कोण? खुरपणीला वाकतो त्या आपणच. आमच्या गटातल्या एकीच्या पापण्या सुजल्या, मानेची कातडी काळी, जाड झाली. घरच्यांनी खरूज समजून तिचं ताट वेगळं केलं. डॉक्टरांनी सांगितलं, ही गाजर गवताची ॲलर्जी. शिवल्यानं ती दुसऱ्याला होत नाही. दोन वर्षांनी ती पुन्हा सगळ्यांच्या पंगतीला बसली.

म्हणून आम्ही ठरवलंय: फुलं येण्याआधी, ओल असतानाच उपटायचं. हातमोजे, पूर्ण बाह्यांचा सदरा आणि तोंडाला रुमाल हवाच. जिला त्रास होतो तिनं या कामाला जायचं नाही, आणि तिला कुणी कामचुकार म्हणायचं नाही. हातमोज्यांचा खर्च ग्रामपंचायतीनं करावा, असा अर्ज येत्या ग्रामसभेत देणार आहोत.

तुमच्या गावातही असं एखादं ताट वेगळं वाढलं जात असेल, तर आधी तिला दवाखान्यात न्या. गवत नंतर उपटू.